बाळाच्या सीटखालची फाइल

मी फाइल बोलतेय. तुमच्या कपाटात लाइटबिलं आणि शाळेचे दाखले सांभाळते ती मी नव्हे. मी गाडीतली फाइल. साफसफाईची कामं घेणाऱ्यांची एक पांढरी व्हॅन आहे, तिच्या मागच्या दाराला आतून एका हुकावर मी लटकते. माझ्या पोटात ॲसिडचे, ब्लीचचे, काचा पुसायच्या औषधाचे, फरशीच्या पॉलिशचे कागद आहेत. कशाने डोळे जळतात, कशाने श्वास अडकतो आणि तसं झालं तर आधी काय करायचं, ते त्या कागदांवर लिहिलेलं असतं.

माझं ऐकायचं असेल तर गाडीचं दार उघडं ठेवा. बंद दाराची मला भीती वाटते.

माझा पुठ्ठा कुठल्या कारखान्यात कापला गेला ते मला आठवत नाही. आठवतं ते कांदिवलीचं स्टेशनरीचं दुकान आणि तिथली प्रेमा. तिने तीन-चार फाइली उलटसुलट करून पाहिल्या, माझी लोखंडी पकड दोनदा उघडबंद केली आणि दुकानदाराला म्हणाली, "ही द्या. गाडीत टिकली पाहिजे."

प्रेमा आधी अंधेरीत एका ऑफिसात टायपिंग करायची. ऑफिस बंद झालं तेव्हा तिने साफसफाईची कामं घ्यायला सुरुवात केली. गाडी तिचा नवरा जयवंत चालवायचा. जयवंतचे वडील गिरणीत होते, गाव देवगडकडचं. कामावर मुख्य माणूस म्हणजे जयवंतचा धाकटा भाऊ बाळा. तो पूर्वी बिल्डिंगींना रंग मारायचा, त्यामुळे उंचावर चढायला आणि घाणीत हात घालायला त्याला काही वाटत नसे. सगळी चारकोपला एकाच बिल्डिंगमध्ये राहायची. जयवंत-प्रेमा खाली, बाळा आणि त्याची बायको श्रुतिका वर.

माझी गरज पडली ती अंधेरीच्या एका मोठ्या ऑफिसच्या गेटवर. तिथे अनुपमा नावाची सेफ्टी ऑफिसर होती. तिने गाडी अडवली.

"तुमच्या औषधांचे कागद कुठे आहेत?"

"बिलं आहेत ना मॅडम," प्रेमा म्हणाली.

"बिलं नकोत. कुठल्या बाटलीत काय आहे, ते कशात मिसळायचं नाही, नाकातोंडात गेलं तर काय करायचं, ते कागद. आणि ते गाडीतच पाहिजेत. घरच्या कपाटात असून काय उपयोग?"

त्या दिवशी गाडी गेटवरूनच परत फिरली. प्रेमाने औषधं विकणाऱ्या साकीनाक्याच्या दुकानदाराच्या मागे लागून एकेका औषधाचे कागद काढून घेतले. रात्रभर पंख्याखाली बसून... नाही, रात्रभर नव्हे, एका रविवारी दुपारी बसून तिने ते माझ्यात लावले. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात. बाथरूमच्या औषधांना लाल पट्टी, काचेच्या औषधांना निळी. सगळ्यात वर यादी. मी तेव्हा इतकी नीटनेटकी होते की मलाच माझा अभिमान वाटायचा.

बाळाने माझं नाव ठेवलं, 'वहिनीची पोथी'. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली तेव्हा त्याने मलाही हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. जयवंत हसला. "तिका कशाक रे?" तर बाळा म्हणाला, "अरे, तिच्यामुळे गेट उघडतात."

पण पोथीसारखंच झालं. हळदकुंकू वाहिलं, उघडलं कुणी नाही. आतलं सगळं इंग्रजीत. प्रेमाला ते अडखळत का होईना वाचता यायचं, पण ती सगळ्या कामांवर जात नसे. बाकीच्यांना मी गेटवर दाखवायची वस्तू होते.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. जी वस्तू रोज लागत नाही, ती हळूहळू खाली सरकते. मी आधी डॅशबोर्डवर होते. तिथे ऊन लागून पाकिटं वाकडी व्हायला लागली, म्हणून जयवंतने मला दाराच्या कप्प्यात कोंबलं. कप्प्यात हातमोजे ठेवायला जागा हवी होती, म्हणून मी सीटच्या मागे गेले. तिथे बादल्या आल्या, म्हणून मी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली गेले. त्या सीटवर बाळा बसायचा. एकदा गाडी गचकन थांबली आणि पोछ्याच्या बादलीतलं साबणाचं पाणी माझ्यावर आलं. ते कुणी पुसलं नाही. माझी पानं एकमेकांना चिकटली.

गाडीतल्या बाटल्यांचंही तसंच झालं. मोठ्या कॅनमधून औषध छोट्या बाटल्यांत ओतून न्यायची पद्धत पडली. पाण्याच्या बाटलीत ब्लीच, सरबताच्या बाटलीत ॲसिड. कशात काय आहे ते बाळाला वासावरून कळायचं. निदान तो तसं म्हणायचा.

त्या दिवशी काम मुलुंडला होतं. भाडेकरू सोडून गेलेला फ्लॅट, मालकीणबाई स्वतः हजर. मी गाडीत होते, वर काय झालं ते मी पाहिलं नाही. नंतर जयवंतने ते इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखंच आठवतं. बाथरूमच्या कोपऱ्यांत काळी बुरशी होती, म्हणून बाळाने ब्लीच मारलं. बुरशी गेली, पण टाइल्सवरचे खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग निघेनात. म्हणून त्याने त्याच ओल्या फरशीवर ॲसिड ओतलं. वास सुटला तेव्हा मालकीणबाई हॉलमधून म्हणाल्या, "दार लावून घ्या हो, इकडे येतोय वास." त्याने दार लावून घेतलं. जयवंत तेव्हा किचनमध्ये चिमणी पुसत होता.

त्या दोन औषधांचे कागद माझ्यात होते. लाल पट्टीच्या पाकिटांत, शेजारी शेजारी. दोन्हींवर लिहिलेलं होतं की ही दोन एकत्र आणू नका, विषारी वायू होतो.

बाळा खोकत खाली आला. डोळे लाल, नाकातून पाणी. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने चूळ भरली, तोंड धुतलं, पाणी प्यायला. थोड्या वेळाने खोकला थांबला. जयवंतने विचारलं, "डॉक्टराक दाखवूया काय?"

"काय नाय रे दादा. ठसको लागलो."

तो त्याच्या सीटवर बसला. म्हणजे माझ्यावर. गाडी निघाली.

पवईच्या बाजूला ट्रॅफिक तुंबलेला होता. गाडी एक वीत पुढे जायची आणि थांबायची. जयवंतने परत विचारलं, "बरा वाटता मा?" बाळा म्हणाला, "बरा हा. तू गाडी बघ." मग त्याने खिडकीची काच खाली केली. मग परत वर केली. मग म्हणाला, "जरा दमल्यासारखा वाटता." मग बराच वेळ काही बोलला नाही.

मी त्याच्याखाली होते. त्याचा श्वास सीटच्या स्प्रिंगांमधून माझ्यापर्यंत येत होता. आधी लांब होता, मग आखूड झाला. माझ्या एका पानावर लिहिलेलं होतं की हा वायू छातीत गेला तर माणसाला आधी बरं वाटू शकतं, त्रास काही तासांनी वाढतो. म्हणून बरं वाटलं तरी त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्या, चालवू नका, एकटं सोडू नका. ते पान माझ्या पोटात होतं, आणि मला आवाज नाही. त्या संपूर्ण रस्त्यावर आम्ही दोन हॉस्पिटलांसमोरून गेलो. जयवंत सरळ घरी आला, कारण भाऊ म्हणाला होता घरी चल.

बाळा जिना चढून वर गेला. त्याने चहा घेतला. आंघोळ केली. दिवेलागणीला श्रुतिकाच्या ओरडण्याने जयवंत वर धावला. बाळाला श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते. त्याच गाडीत त्याला मागे आडवं घालून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय हुंगलंय ह्यांनी? कुठलं केमिकल?"

जयवंत म्हणाला, "बाथरूमचं औषध."

"कुठलं औषध? त्यात काय असतं?"

तेव्हा त्याला माझी आठवण झाली. तो धावत गाडीकडे आला, सीटखाली हात घातला, मला ओढून काढलं आणि छातीशी धरून आत पळाला. डॉक्टरांनी मला टेबलावर उघडलं. चिकटलेली पानं सोडवताना दोन पाकिटं फाटली. त्यांनी ते पान वाचलं आणि नर्सला भराभर काही सांगितलं. मग जयवंतकडे बघून हळू आवाजात विचारलं, "हे कधी झालं? दुपारी? मग दुपारीच का नाही आणलंत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जयवंतला ते सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळा गेला.

त्यानंतर गाडी बिल्डिंगच्या आवारात तशीच उभी राहिली. मला कुणीतरी परत सीटखाली टाकलं होतं. काचांवर धूळ बसली. आत उन्हाने भट्टी व्हायची. बादल्यांतून तो वास परत यायचा, नाकाला झोंबणारा, जणू आत्ताच कुणी झाकण उघडलंय.

गेलेलं माणूस आपल्या जागेवर येऊन बसतं, असं माणसं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही. पण दुपारी कडक उन्हात त्या सीटच्या स्प्रिंगा करकरायच्या आणि खाली दबायच्या. अगदी माझ्या पुठ्ठ्याला लागेपर्यंत. मग बराच वेळ तशाच राहायच्या. लोखंड तापलं की वाकतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्या वेळी मनात माझं ते पान घोकत बसायचे. डॉक्टरकडे न्या. चालवू नका. एकटं सोडू नका. ऐकायला कुणी असेल तर ऐकू जावं म्हणून.

जयवंतही यायचा. गाडी सुरू करायचा नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता विचारायचा, "बरा वाटता मा?" मग थांबायचा. मग परत विचारायचा. एकदा प्रेमा खाली आली आणि तिने दार उघडून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "कागद गाडीत होते, प्रेमा. त्याच्या बुडाखाली होते. आणि मी त्यांच्यावर बसवून त्याला घरी आणला."

प्रेमाचा हात तसाच राहिला. माझी पानं तिनेच लावली होती, आणि आपण ती कुणाला वाचून दाखवली नाहीत, हे तिला रोज आठवत होतं.

शेवटी जयवंतने गाडी विकायची ठरवली. एका सकाळी त्याने सगळं सामान बाहेर काढलं. बादल्या, पाइप, ब्रश, अर्धवट भरलेल्या बाटल्या. भंगारवाल्यासाठी ढीग केला आणि सगळ्यात वर मला फेकलं. तेवढ्यात श्रुतिका जिना उतरून आली. बाळा गेल्यापासून ती गाडीजवळ आली नव्हती.

तिने मला उचललं. "हीच ना ती?"

जयवंतने मान हलवली.

ती मला घेऊन गाडीत चढली आणि बाळाच्या सीटवर बसली. "ताई, जरा इकडे या," तिने प्रेमाला हाक मारली. "ह्यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा. त्या दिवशी काय करायला पाहिजे होतं ते."

"कशाला गं आता?" प्रेमा म्हणाली. "त्रास होईल तुला."

"त्रास होतोच आहे. मला रोज वाटतं, काहीतरी करता आलं असतं. काय, ते तरी कळू दे."

प्रेमा दाराशी उभी राहून वाचायला लागली. चिकटून फाटलेलं पान होतं, काही अक्षरं गेली होती. एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मग तिचं मराठी करायचं, असं चाललं होतं. मोकळ्या हवेत आणा. कपडे सैल करा. बसवून ठेवा, श्रम करू देऊ नका. त्रास नंतर वाढू शकतो. बरं वाटलं तरी डॉक्टरकडे न्या.

श्रुतिका ऐकत होती. "श्रम म्हणजे? जिना चढणं पण?"

"हो," प्रेमा म्हणाली.

"आणि आंघोळ?"

प्रेमाने त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"त्याच्या अंगाला तो वास येत होता," श्रुतिका म्हणाली. "मी म्हटलं, आधी आंघोळीला जा, मग चहा मिळेल. तो म्हणाला, जरा बसू दे गं. मी बसू दिलं नाही. बादली पण त्यानेच भरून उचलली."

जयवंत बाहेर उभा होता. तो म्हणाला, "तू काय करणार? मीच त्याला इथे आणला. मी हॉस्पिटलात नेलं असतं तर तुझ्यावर ही वेळच आली नसती."

"तो तुम्हाला काय म्हणाला होता, दादा?"

"घरी चल म्हणाला."

"मग. मला पण म्हणाला, काय नाय झालंय." ती माझ्या पानावरून हात फिरवत होती. "त्याचं ऐकलं आपण दोघांनी."

तिघंही रडली नाहीत. मला वाटलं होतं रडतील. भंगारवाला गेटमधून आत आला, ढिगाकडे बघून थांबला आणि काहीतरी समजून बाहेर जाऊन उभा राहिला.

मग श्रुतिका म्हणाली, "गाडी विकू नका. विकली तर ती दुसऱ्या कुणाकडे जाईल, त्याच्याकडे हे कागदही नसतील. मी येते कामावर. पण हे सगळं आधी मराठीत लिहून द्या. मला वाचता आलं पाहिजे."

प्रेमाने अनुपमाला फोन केला. अनुपमाला आधी ओळख लागली नाही. लागली तेव्हा तिने घरचा पत्ता विचारला. सुट्टीच्या दिवशी ती चारकोपला आली. तिघी जमिनीवर बसल्या आणि मला मध्ये उघडून ठेवलं. भिजलेले कागद काढून टाकले, नवे आणले. जी औषधं आता वापरत नाहीत त्यांचे कागद बाजूला केले. प्रत्येक कागदाच्या पुढे मराठीत एक पान, मोठ्या अक्षरात.

ब्लीचच्या पानावर प्रेमाने लिहिलं होतं, 'त्रास होत असल्यास डॉक्टरकडे जावे.' अनुपमाने ते खोडलं. "असं लिहिलं की माणूस म्हणतो, मला त्रास होत नाही." मग श्रुतिकाने पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं: 'काय नाय झालंय असं म्हणाला तरी घरी आणायचं नाही.'

अनुपमाने ते वाचलं आणि तसंच राहू दिलं.

गाडी परत निघाली. आता प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आहे, औषध त्याच्याच बाटलीत राहतं. ॲसिड आणि ब्लीच गाडीत दोन टोकांना असतात. नवं औषध आलं की त्याचा कागद आधी माझ्यात येतो, मग औषध गाडीत चढतं. माझी एक नक्कल प्रेमाच्या घरी आहे. मला मागच्या दाराला हूक मिळाला, कारण बादल्या उचलायला येणाऱ्या प्रत्येकाला मी दिसले पाहिजे, असं श्रुतिकाचं म्हणणं पडलं. नवीन माणूस कामावर आला की ती आधी त्याला माझ्यापुढे उभा करते आणि वाचायला लावते. वाचता येत नसेल तर स्वतः वाचून दाखवते.

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं ठीक झालं. तसं नाही. बाळाच्या सीटवर आता श्रुतिका बसते, तरी ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की ती आणि जयवंत दोघंही बोलणं बंद करतात. आणि बंद बाथरूमचं काम असलं की जयवंत स्वतः दारात उभा राहतो, पाठीने दार अडवून. घरातली माणसं म्हणतात, "वास येतो हो, लावून घ्या." तो म्हणतो, "येऊ दे."

मध्यंतरी घाटकोपरला काम होतं. नवीन लागलेला निलेश खाली आला तो खोकत. जयवंतने हातातलं सगळं टाकलं. निलेश म्हणाला, "काय नाही, दादा, शेजारी मिरचीची फोडणी टाकली कोणीतरी." त्याला पुढे बोलूच दिलं नाही. गाडी सरळ हॉस्पिटलात. मला काखेत मारून जयवंत आत गेला. डॉक्टरांनी निलेशची छाती तपासली, त्याला बसवून ठेवलं, परत तपासली आणि म्हणाले, ठीक आहे, जा. फोडणीच होती ती.

निलेश वैतागला होता. पण बाहेर आल्यावर त्याने पाहिलं, जयवंत पायरीवर बसलाय, मला मांडीवर घेऊन, आणि ब्लीचचं पान परत परत वाचतोय. निलेश शेजारी बसला. बराच वेळ मोठ्याने श्वास घेत राहिला, ऐकू जाईल असा.

तेव्हापासून संध्याकाळी गाडी सुरू करण्याआधी जयवंत प्रत्येकाला आपलं नाव घ्यायला लावतो. आवाज बसलाय का, दम लागतोय का, ते त्याला ऐकायचं असतं. श्रुतिका नाव घेते. निलेश घेतो. बाकीचे घेतात. सगळे झाले तरी जयवंत लगेच चावी फिरवत नाही. थोडा थांबतो. गाडीत कुणीही घाई करत नाही. मी मागच्या दारावरून बघत असते, आणि त्या शांततेत पुढच्या सीटच्या स्प्रिंगा एकदा करकरतात. श्रुतिका हललेली नसते.

मग गाडी निघते.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी बाथरूम घासायला आलं, तर वास येतो म्हणून त्याच्यावर दार लावून घेऊ नका. आणि ते माणूस खोकत बाहेर आलं, तोंड धुऊन हसलं आणि म्हणालं की काय नाही, आता बरं आहे, मी निघतो, तर त्याला पाणी द्या, खुर्ची द्या, पण जाऊ देऊ नका. त्याचं ऐकू नका.

मी बाळाचा श्वास ऐकला होता. पवईपासून चारकोपपर्यंत.